कॉन्टेस्ट : पंचांसमोरचा वाद

नागपुरात न्यायालयीन कागदपत्रांची इंग्रजीतून मराठीत भाषांतरे करणे हे माझे काम आहे, आणि या कामात जो शब्द जवळजवळ रोज समोर येतो तो म्हणजे 'कॉन्टेस्ट'. शाळकरी मुलांच्या चित्रकला कॉन्टेस्टच्या फलकापासून कौटुंबिक न्यायालयातल्या कॉन्टेस्टेड घटस्फोटापर्यंत त्याचा संचार आहे. सिव्हिल लाइन्समधल्या जिल्हा न्यायालयाच्या आवारात तर तो आता मराठीच झाला आहे. 'मॅटर कॉन्टेस्टेड आहे का?', 'समोरची पार्टी कॉन्टेस्ट करणार नाही' अशी वाक्ये वकील आणि पक्षकार दोघेही सहज बोलतात. शब्दकोश उघडला की स्पर्धा, लढत, झगडा, वाद, आक्षेप असे पर्याय ओळीने मिळतात. ते चुकीचे नाहीत, परंतु चित्रकलेची स्पर्धा आणि नवरा-बायकोचा खटला या दोहोंना इंग्रजी भाषा एकच शब्द का लावते, हे त्या ओळीतून कळत नाही. ते कळल्याशिवाय योग्य पर्याय निवडता येत नाही, असे माझे ठाम मत आहे, आणि म्हणूनच या शब्दावर सविस्तर लिहीत आहे.

उच्चाराची गोष्ट आधी सांगून टाकते. इंग्रजीत हा शब्द नाम असताना आघात पहिल्या अक्षरावर पडतो आणि क्रियापद असताना दुसऱ्यावर. रेकॉर्ड, परमिट, प्रोटेस्ट हे शब्दही याच वळणाचे आहेत. मराठीत आपण त्याचा एकच उच्चार उचलला आणि क्रियापदासाठी त्याला 'करणे' जोडले, त्यामुळे हा भेद आपल्या कानावर पडत नाही.

व्याकरणाची गोष्ट मात्र अधिक महत्त्वाची आहे. या क्रियापदाचे कर्म बहुधा प्रतिस्पर्धी नसतो, ज्याच्यावरून वाद आहे ती वस्तू असते: जागा, मृत्युपत्र, दावा, आदेश, एखादे विधान. मराठीत याच्या अगदी जवळ जाणारे क्रियापद आपल्याकडे आहे, ते म्हणजे 'लढवणे'. माणूस शत्रूशी लढतो, पण किल्ला लढवतो. तसाच खटला लढवतो, निवडणूक लढवतो, जागा लढवतो. 'लढणे' आणि 'लढवणे' यांतला हा फरक ज्याला जाणवतो, त्याला या इंग्रजी क्रियापदाचा अर्धा अर्थ न सांगता समजतो. उरलेल्या अर्ध्यात अडचण आहे. किल्ला लढवणारा किल्ल्याच्या बाजूचा असतो, परंतु मृत्युपत्र 'कॉन्टेस्ट' करणारा मृत्युपत्राच्या विरुद्ध उभा असतो. उलट दावा 'कॉन्टेस्ट' करणारा प्रतिवादी आपला बचाव करत असतो. चढाई करणारा आणि बचाव करणारा या दोघांनाही इंग्रजी एकच क्रियापद देते. मराठीला मात्र एका ठिकाणी 'आव्हान देणे' किंवा 'हरकत घेणे' आणि दुसऱ्या ठिकाणी 'प्रतिवाद करणे' असे वेगळे बोलावे लागते. 'मृत्युपत्र लढवणे' असे मराठीत कोणी म्हणत नाही, आणि म्हटले तर अर्थ उलटा होईल.

आता मुळाकडे वळते. हा शब्द लॅटिनमधून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. लॅटिनमधले क्रियापद 'कॉन्टेस्टारी' आहे, त्यातला 'कॉन' म्हणजे एकत्र आणि 'टेस्टारी' म्हणजे साक्ष देणे किंवा साक्षीला बोलावणे. रोमन कायद्यात खटल्याचा एक निश्चित टप्पा होता, त्याचे नाव 'लिटिस कॉन्टेस्टाटिओ'. वादाचा विषय ठरला, निवाडा कोणाकडून घ्यायचा ते ठरले, की दोन्ही पक्ष उपस्थितांना उद्देशून 'तुम्ही साक्षी राहा' असे म्हणत, अशी नोंद फेस्टस या रोमन व्याकरणकाराने केलेली आहे. त्या क्षणानंतर वाद खासगी राहत नसे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी मारामारीही नाही आणि जिंकणेही नाही; दोन विरोधकांनी मिळून तिसऱ्याला साक्षीला बोलावणे आहे. त्यातला 'टेस्ट' परीक्षेचा नाही, हेही येथेच सांगायला हवे. परीक्षेचा 'टेस्ट' धातूची कसोटी घेण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मातीच्या भांड्याच्या लॅटिन नावावरून आला आहे. त्याचे कुळ वेगळे.

साक्षीच्या या कुळातले इतर शब्द आपल्या रोजच्या कागदांत विखुरलेले आहेत. 'अटेस्टेड' प्रतीला आपण 'साक्षांकित' म्हणतो, आणि हा मराठी शब्द इतका नेमका आहे की तो घडवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. 'टेस्टामेंट', 'टेस्टिमनी', 'प्रोटेस्ट' हेही त्यातलेच. मृत्युपत्राच्या वादात तर हे सगळे कुळ एकाच फाइलमध्ये भेटते. काही काळापूर्वी माझ्याकडे भाषांतरासाठी अशीच एक फाइल आली होती. महाल भागातले जुने घर, वडिलांचे मृत्युपत्र, दोन भाऊ आणि एक बहीण. यापेक्षा अधिक सांगणे योग्य नाही, आणि सांगण्याची गरजही नाही, कारण अशा फाइली एकमेकींसारख्याच असतात. मृत्युपत्र म्हणजे टेस्टामेंट. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925 च्या कलम 63 प्रमाणे त्यावर किमान दोन साक्षीदारांनी साक्षांकन, म्हणजे अटेस्टेशन, केलेले असावे लागते. ते शाबीत करायचे असेल तर, त्या साक्षीदारांपैकी कोणी हयात आणि साक्ष देण्यास समर्थ असल्यास, निदान एकाला न्यायालयात बोलावून त्याची साक्ष, म्हणजे टेस्टिमनी, घ्यावी लागते. आणि या सगळ्यावर ज्याचा आक्षेप आहे तो ते कॉन्टेस्ट करतो. तिघा भावंडांपैकी कोणाचे खरे, हा प्रश्न त्या फाइलमध्ये एका वाक्यापाशी येऊन थांबला होता: सही करतेवेळी वडील शुद्धीवर होते हे ज्याने पाहिले तो माणूस काय सांगतो?

नागपुरात मृत्युपत्राचे प्रोबेट, म्हणजे ते खरे असल्याचा न्यायालयाचा दाखला, घेण्याची मुंबईसारखी सक्ती कायद्याने केलेली नव्हती, तरी पुष्कळ लोक खात्रीसाठी जिल्हा न्यायाधीशांकडे अर्ज करतात. अर्जाला कोणी विरोध केला नाही, तर प्रकरण अर्जाच्या रूपातच निकाली निघते. ज्याला विरोध करायचा आहे तो कॅव्हेट, म्हणजे 'माझे ऐकल्याशिवाय निर्णय नको' अशी सूचना, दाखल करतो, आणि त्याच अधिनियमाच्या कलम 295 प्रमाणे 'कंटेन्शन', म्हणजे वाद, उद्भवला की त्या अर्जाला शक्य तितके नियमित दाव्याचे रूप दिले जाते. अर्जदार वादी होतो आणि विरोध करणारा प्रतिवादी. एका आक्षेपाने कागदाची जातच बदलते. त्यामुळे अशा प्रकरणात 'कॉन्टेस्टेड' या शब्दाला 'भांडणाचे' किंवा 'तंट्याचे' असे लिहिणे मला मान्य नाही. भावंडांचे भांडण वडिलांच्या हयातीतही असू शकते आणि होतेही. ते कॉन्टेस्ट होते ते न्यायालयाला मध्ये घातल्यावर.

दिवाणी न्यायालयात याची दुसरी बाजू दिसते. प्रतिवादीला समन्स मिळाले, पण तो हजर झाला नाही, तर दावा एकतर्फी चालतो. तो हजर झाला, वकीलपत्र दिले, कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, मात्र गुळमुळीत दिली, तर तीही त्याच्या अंगावर येते, कारण दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 8 नियम 5 प्रमाणे वादपत्रातली जी बाब स्पष्टपणे नाकारलेली नाही ती मान्य केली असे धरले जाते. येथे 'कॉन्टेस्ट' करणे म्हणजे नुसते विरोधात असणे नव्हे. कोणती गोष्ट मान्य आहे आणि कोणती नाही हे एकेक करून सांगणे आहे. आमच्याकडच्या न्यायालयांत अर्जावर 'से' देणे, म्हणजे आपले म्हणणे मांडणे, हा शब्द रूढ आहे. 'से' दिला नाही की 'नो से'चा शेरा पडतो, आणि अर्ज समोरच्याचे म्हणणे न ऐकता पुढे जातो. म्हणून 'अनकॉन्टेस्टेड' या शब्दाला सरसकट 'बिनविरोध' लिहिता येत नाही. 'बिनविरोध' हा निवडणुकीतला शब्द आहे. न्यायालयात 'प्रतिवाद न झालेला' असे लिहावे लागते, आणि दोघांच्या राजीखुशीने घेतलेल्या घटस्फोटाला तर 'परस्पर संमतीचा' हा हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 13-ब मधलाच शब्दप्रयोग वापरणे उचित.

इथपर्यंत आल्यावर मराठीकडे पुन्हा पाहिले की लक्षात येते, मैदान आणि न्यायालय यांची सांगड आपल्या भाषेनेही घातलेली आहे, फक्त ती एका शब्दात नसून अनेक शब्दांत पसरलेली आहे. क्रिकेटचा 'सामना' आणि तक्रारअर्जातला 'सामनेवाला' हे एकाच 'सामने'चे. 'दावा' न्यायालयात दाखल होतो आणि 'विजेतेपदाचा प्रबळ दावेदार' क्रीडापानावर भेटतो. या सर्वांवर ताण करणारा शब्द म्हणजे 'पंच'. कबड्डीच्या मैदानावर निर्णय देणारे पंच, गावातल्या वादात निवाडा करणारे पंच, आणि पोलिसांच्या पंचनाम्यावर सही करणारे पंच. शेवटचे पंच निर्णय देत नाहीत, ते साक्षीदार असतात. लॅटिनमध्ये साक्षीदाराला हाक मारून जो शब्द तयार झाला, त्याच्या अर्थाचा गाभा मराठीत 'पंच' या दोन अक्षरांत आधीपासून नांदत आहे. पंच असतील तर कॉन्टेस्ट, नसतील तर तंटा, अशी खूणगाठ मी कामापुरती बांधली आहे, आणि ती फारच क्वचित फसते. महाराष्ट्र शासनाने 2007 मध्ये सुरू केलेल्या महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहिमेचे नाव या दृष्टीने अचूक होते. 'वादमुक्त गाव' असे नाव कोणी दिले असते तर ते शक्यही नव्हते आणि इष्टही नव्हते.

लोककलेतही हेच दिसते. कलगी आणि तुरा हे शाहिरांचे दोन पक्ष, एक शक्तीला श्रेष्ठ मानणारा आणि दुसरा शिवाला. भेदिक लावणीत एकाने कोडे घालायचे, दुसऱ्याने ते सोडवून उलट सवाल करायचा, आणि हे समोर बसलेल्या लोकांच्या साक्षीने चालायचे. दोन शाहीर बंद खोलीत एकमेकांना अडवू लागले असते, तर त्याला कोणी सवाल-जवाब म्हटले नसते.

निवडणुकीच्या संदर्भात या शब्दाने भारतात स्वतःचे वेगळे घर केले आहे. ब्रिटनमध्ये उमेदवार निवडणुकीला 'उभा राहतो', अमेरिकेत 'धावतो', आणि आपल्याकडच्या इंग्रजीत तो 'कॉन्टेस्ट' करतो. मराठीने 'उभे राहणे' आणि 'लढवणे' ही दोन्ही क्रियापदे ठेवली आहेत. कायद्याची भाषाही तीच आहे: लोकप्रतिनिधित्व अधिनियम, 1951 च्या कलम 38 प्रमाणे माघारीची मुदत संपल्यावर निवडणूक अधिकारी 'कॉन्टेस्टिंग' उमेदवारांची यादी प्रसिद्ध करतो. अर्ज भरलेला प्रत्येक जण उमेदवार असतो, पण लढवणारा उमेदवार तोच, जो छाननीत टिकला आणि ज्याने माघार घेतली नाही. कलम 53 च्या शीर्षकातच 'कॉन्टेस्टेड' आणि 'अनकॉन्टेस्टेड' निवडणुका असे दोन प्रकार सांगितले आहेत. जागेपेक्षा उमेदवार अधिक असतील तर मतदान होते, आणि जागेइतकेच असतील तर तात्काळ निवडून आल्याचे जाहीर केले जाते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीत सुरतची जागा अशीच मतदानाविना ठरली.

अमेरिकेतल्या बातम्यांचे भाषांतर करताना मात्र हाच शब्द फसवतो. तेथे 'कॉन्टेस्टेड इलेक्शन' म्हणजे बहुधा जिच्या निकालावर वाद झाला ती निवडणूक. 1876 आणि 2000 या दोन अध्यक्षीय निवडणुका त्या अर्थाने कॉन्टेस्टेड होत्या. 2000 साली फ्लोरिडा राज्याच्या कायद्यात तर दोन टप्पे होते: निकाल अधिकृतपणे प्रमाणित होण्यापूर्वी घ्यायचा आक्षेप तो 'प्रोटेस्ट', आणि प्रमाणित झाल्यानंतर न्यायालयात द्यायचे आव्हान ते 'कॉन्टेस्ट'. साक्षीच्या कुळातले दोन शब्द तेथे शेजारी उभे होते, पण त्यांची मराठीत 'निषेध' आणि 'स्पर्धा' अशी भाषांतरे झाली तर वाचणाऱ्याला काहीही बोध होणार नाही. आपल्याकडे त्या दुसऱ्या गोष्टीचे नाव 'निवडणूक याचिका' आहे. ती निकालापासून 45 दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते, आणि विदर्भातल्या मतदारसंघांच्या याचिका नागपूर खंडपीठापुढे येतात. अमेरिकेच्या संदर्भात 'निकालाला आव्हान' एवढेच लिहावे. त्यात 'लढत' आणू नये.

खेळाच्या पानावर 'लढत' आणि 'चुरस' हे दोन शब्द या शब्दाला पुरे पडतात, आणि त्यांतला 'चुरस' मला अधिक प्रिय आहे, कारण दोन्ही बाजू तुल्यबळ असल्याखेरीज तो वापरता येत नाही. 2025 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये नागपूरजवळच्या जामठ्याच्या मैदानावर विदर्भ आणि केरळ यांच्यात रणजी करंडकाची अंतिम लढत झाली. विदर्भाच्या पहिल्या डावात 379 धावा, केरळच्या 342. केरळचा कर्णधार सचिन बेबी 98 धावांवर बाद झाला, तोपर्यंत करंडक कोणाकडे झुकेल हे सांगणे अवघड होते. सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या 37 धावांच्या आघाडीवर विदर्भाने तिसऱ्यांदा करंडक जिंकला. 'सामना अनिर्णित, करंडक विदर्भाचा' हे वाक्य क्रिकेट न जाणणाऱ्याला विसंगत वाटेल, पण ते तसे नाही, कारण निर्णय कसा करायचा हे दोन्ही संघांनी खेळाआधीच मान्य केलेले होते. त्याच वर्षी जुलैत जॉर्जियातल्या बाटुमीला महिलांच्या बुद्धिबळ विश्वचषकाच्या अंतिम फेरीत आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखने कोनेरू हम्पीला जलदगती टायब्रेकमध्ये हरवले, तेव्हाही नेमके हेच घडले होते. पारंपरिक पद्धतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले आणि पुढचा मार्ग नियमांत आधीच लिहिलेला होता.

पूर्व विदर्भातल्या शंकरपटाच्या वाट्याला तर या शब्दाचे दोन्ही अर्थ एकदम आले. बैलजोड्यांची ही शर्यत स्वतः एक कॉन्टेस्ट, आणि ती भरवावी की नाही याबद्दलचा कॉन्टेस्ट वर्षानुवर्षे न्यायालयात चालला. सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये जल्लिकट्टूसह बैलगाडा शर्यतींना मनाई केली, महाराष्ट्राने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर 2021 मध्ये अटींवर परवानगी मिळाली, आणि 18 मे 2023 रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या. बैलांच्या हालांबद्दल ज्यांनी आवाज उठवला त्यांचे म्हणणे मला आजही मोलाचे वाटते. शर्यती कोणत्या अटींवर भरतात यात त्यांच्या त्या दीर्घ प्रतिवादाचा वाटा आहे.

'कॉम्पिटिशन' या शब्दाशी त्याची गल्लत होते, तिच्याबद्दल थोडक्यात सांगते. कॉम्पिटिशनमध्ये अनेक जण एकाच गोष्टीच्या मागे असतात, ते एकमेकांसमोर आले पाहिजेत असे नाही. सीताबर्डीतले दोन कापड-दुकानदार स्पर्धेत असतात, पण त्यांचा कॉन्टेस्ट नसतो. स्पर्धा अधिनियम, 2002 हे नाव त्यामुळे योग्यच आहे. स्पर्धा परीक्षेलाही इंग्रजीत कोणी 'कॉन्टेस्ट' म्हणत नाही, ते यामुळेच.

राहिला 'कंटेन्ड' आणि त्याचा परिवार. तो वेगळ्या लॅटिन धातूपासून आला आहे, 'ताणणे' हा त्याचा मूळ अर्थ. पण वापरात तो कॉन्टेस्टचा शेजारी झाला. निकालपत्रात 'वकिलांनी कंटेन्ड केले की' असे येते तेव्हा त्यात भांडण नसते, 'असे प्रतिपादन केले की' एवढाच त्याचा अर्थ असतो. 'कंटेन्शन' म्हणजे कधी मुद्दा, कधी वाद. आपल्या न्यायदर्शनाने, म्हणजे प्राचीन भारतीय तर्कशास्त्राने, वादाचे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य जाणण्यासाठी होणारा तो वाद, जिंकण्यासाठी होणारा तो जल्प, आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा खोडून काढणे ती वितंडा. मराठीने त्यांतला 'वितंडवाद' बोलण्यात ठेवला आणि 'जल्प' जवळजवळ सोडून दिला, याचे मला वाईट वाटते. न्यायालयातली पुष्कळशी प्रतिपादने जल्पच असतात, आणि त्यात कमीपणा नाही. पक्षकाराने वकील जिंकण्यासाठीच नेमलेला असतो, सत्य ठरवण्याचे काम न्यायाधीशाचे आहे.

म्हणूनच कलम 295 च्या शीर्षकातले 'कंटेन्शियस' मी 'विवादित' असे लिहिते. त्याच शब्दाचा माणसाला लावला असता होणारा अर्थ 'भांडखोर' किंवा 'कलहप्रिय' असा आहे, आणि तो घाईने येथे लिहिला गेला तर वडिलांच्या सहीबद्दल प्रश्न विचारणारी बहीण कागदावर भांडखोर ठरेल. कायदा तिच्या स्वभावाबद्दल काहीच म्हणत नाही. अर्ज आता दाव्यासारखा चालेल आणि साक्षीदाराला बोलवावे लागेल, इतकेच तो सांगतो.